आर्नोकांठचा करवीरकर

या सदरांत आजवर मी पाठांतर, पंचांग, मुलांचें शुद्धलेखन आणि घरांतील वळण अशाच विषयांवर लिहीत आलों. प्रवासवर्णन लिहिण्याचा प्रसंग माझ्यावर येईल असें मला स्वप्नांतही वाटलें नव्हतें. ज्याची धांव चंदगडाहून बेळगांव, कोल्हापूर आणि जन्मांत एकदां काशी, त्यानें इटलीविषयीं काय लिहावें? परंतु गेल्या वैशाखांत तीन आठवडे फ्लॉरेन्स शहरीं राहून आलों, आणि तेथें जें पाहिलें त्यांतील कांहीं भाग वाचकांपुढें ठेवणें मला कर्तव्य वाटतें. त्यांत माझ्या एका चुकीची कबुलीही आहे.

जाण्याचें कारण असें. माझ्या थोरल्या पुतण्याची मुलगी, म्हणजे माझी नात, जुन्या ग्रंथांचें व कागदांचें जतन कसें करावें ही विद्या त्या शहरीं शिकत आहे. अभ्यासक्रम संपत आला, तोंच तिनें कळविलें कीं, आणखी एक वर्ष तेथें राहून प्रत्यक्ष काम शिकावें अशी तिची इच्छा आहे. आमचें घर एकत्र. माजघरांत बैठक बसली. थोरल्या वहिनी म्हणाल्या, "पोर सव्विसाव्या वर्षांत आली. आतां पुरे झालें." तिचे वडील होय म्हणेनात कीं नाहीं म्हणेनात. शेवटीं असें ठरलें कीं, घरांतील एकानें जाऊन सर्व पाहून यावें, आणि तो सांगेल तें सर्वांनीं मान्य करावें. शाळेंतून निवृत्त झालेला असा रिकामा मनुष्य घरांत मीच. खरें सांगावयाचें तर निकाल मनांत लिहून ठेवूनच मी निघालों होतों. तिला घेऊन यावयाचें.

सोबत पोहे, मेतकूट, भाजणी आणि आमच्याकडील काजू नेले होते. रोमहून आगगाडीनें दीड तासांत फ्लॉरेन्स आलें. तेथील लोक त्यास फिरेंझे म्हणतात. नात स्थानकावर आली होती. भर गर्दींत तिनें वांकून नमस्कार केला. दोन परके प्रवासी थांबून पाहूं लागले, पण तिला त्याचें कांहींच वाटलें नाहीं. माझा पहिला आक्षेप तेथेंच गळून पडला.

पुढील कांहीं दिवस तिनें मला शहर दाखविलें. ब्रुनेलेस्की यानें १४२० ते १४३६ या काळांत बांधिलेला मुख्य मंदिराचा घुमट पाहिला. जमिनीपासून लांकडी आधार न उभारतां एवढें ओझें त्यानें वर कसें चढविलें, हें ती मला भिंतीवर बोटानें आकृति काढून समजावीत होती. सांता क्रोचे या मंदिरांत गॅलिलिओची समाधि पाहिली. १६४२ मध्यें निवर्तलेल्या त्या पंडिताचे अवशेष मुख्य मंदिरांत सन्मानानें नेण्यास १७३७ साल उजाडावें लागलें. जन्मभर शिकविण्याचें काम केलेला मी तेथें क्षणभर खिन्न झालों.

उफ्फीत्सी या चित्रसंग्रहांत बोत्तिचेल्लीचें 'वसंत' नांवाचें विशाल चित्र आहे. त्याच्यासमोर नातीनें मला एक गोष्ट सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. दुसऱ्या महायुद्धांत या संग्रहांतील चित्रें सुरक्षिततेसाठीं आसपासच्या गढ्यांत हलविलीं होतीं. हें चित्र मोंतेगुफोनी नांवाच्या गढींत होतें. १९४४ च्या उन्हाळ्यांत हिंदी फौज तेथें पोहोंचली, त्या फौजेंत मराठा पलटणीचे शिपाई होते आणि या चित्रांवर त्यांनीं पहारा केला. वाचकहो, बेळगांव हें मराठा पलटणीचें ठाणें, आणि आमच्या तालुक्यांत फौजेंत कोणी न गेलेलें गांव विरळा. लहानपणीं एक म्हातारे शिपाई आमच्या कट्ट्यावर बसून 'इटाली, इटाली' करीत, तेव्हां आम्ही पोरें हंसत असूं. तें हसूं मला त्या दालनांत आठवलें.

संध्याकाळीं नात म्हणाली, "आजोबा, मी माझ्या मनाचें पुष्कळ दाखविलें. आतां तुम्हांला काय पाहावयाचें तें सांगा."

मीं म्हटलें, "राजाराम महाराजांची छत्री."

ज्या वाचकांस हा इतिहास ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. करवीरच्या गादीवरील छत्रपति राजाराम महाराज, हे दुसरे राजाराम, १८६६ मध्यें गादीवर आले. समुद्रोल्लंघन निषिद्ध मानण्याचा तो काळ. तरीही १८७० मध्यें ते विलायतेस गेले. तेथें व्हिक्टोरिया राणीची भेट झाली. आपला प्रवास ते इंग्रजींत रोजनिशींत टिपून ठेवीत असत. परततांना वाटेंत प्रकृति बिघडली आणि फ्लॉरेन्स येथें ३० नोव्हेंबर १८७० रोजीं त्यांचा अंत झाला. वय अवघें वीस. त्यांच्यासमवेत असलेले कॅप्टन वेस्ट यांनीं ती रोजनिशी १८७२ मध्यें छापून प्रसिद्ध केली.

फ्लॉरेन्स त्या वेळीं इटलीच्या राज्याची राजधानी होतें. मृताचें दहन ही गोष्ट तेथील कायद्यांत बसत नव्हती. मिलान येथें युरोपांतील आधुनिक दहनगृह सुरू झालें तें १८७६ मध्यें, म्हणजे यानंतर सहा वर्षांनीं. परंतु महाराजांबरोबरच्या मंडळींनीं धर्माप्रमाणें दहनच व्हावें असा आग्रह धरला, आणि तेथील अधिकाऱ्यांनीं खास परवानगी दिली. आर्नो नदीस मुन्योने नांवाचा लहान प्रवाह जेथें मिळतो, तो संगम निवडण्यांत आला. संगमाचें माहात्म्य आम्हांस सांगावयास नको. तेथें, रात्रीच्या वेळीं, हिंदु रीतीनें अग्निसंस्कार झाला.

आतां एक गोष्ट प्रामाणिकपणें नमूद केली पाहिजे. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगांव जिल्ह्यांत होता. म्हणजे काटेकोरपणें पाहूं गेल्यास हा आमच्या गांवचा राजा नव्हे. पण परदेशांत इतका हिशेब कोण करतो?

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही निघालों. काशीने नांवाचें मोठें उपवन नदीच्या उजव्या तीरानें कोसभर पसरलेलें आहे. झाडांच्या सावलींतून, धांवणाऱ्या व सायकलींवरून जाणाऱ्या लोकांतून वाट काढीत आम्ही त्याच्या पश्चिम टोकास गेलों, आणि तेथें ती छत्री दिसली.

वाचकहो, हजारों कोसांवर आपल्याकडील घाटाची छत्री पाहून काय वाटलें तें लिहितां येत नाहीं. छत्रीची योजना मँट या स्थापत्यकारानें केली. कोल्हापुरांतील नवा राजवाडा ज्याच्या आराखड्यावरून बांधला गेला तोच हा. आंत महाराजांचा अर्धपुतळा आहे, तो फुलर या इंग्रज शिल्पकारानें घडविला. डोक्यास पागोटें, गळ्यांत दागिने, अंगावर रंग चढविलेले. चेहरा मात्र अगदीं कोंवळा. शाळेंत शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एखाद्या शांत मुलाचा असावा तसा. हें स्मारक १८७४ मध्यें उभें राहिलें. चौथऱ्यावर इटालियन व इंग्रजी लेखांबरोबर आपल्या देशांतील अक्षरेंही कोरलेलीं आहेत. जवळच नदीवर एक प्रचंड पूल आहे. तो १९७८ मध्यें पुरा झाला आणि या स्मारकावरून त्यास 'हिंदी माणसाचा पूल' अशा अर्थाचें नांव पडलें. मोटारी हांकणाऱ्यांपैकीं कित्येकांस तो हिंदी माणूस कोण हें ठाऊकही नसेल, पण नांव मात्र त्यांच्या तोंडीं रोज येतें.

मला तर्पण करावेंसें वाटलें. नदीचा कांठ उंच, उतरण्यास सोयीची वाट दिसेना. नातीनें न विचारतां आपल्या बाटलींतील पाणी माझ्या ओंजळींत ओतलें. तीळ नव्हते, दर्भ नव्हता. दक्षिणेकडे तोंड करून जें येत होतें तें म्हटलें आणि पाणी सोडलें. जवळच्या बाकावर एक वृद्ध इटालियन गृहस्थ बसले होते. त्यांनीं टोपी काढून हातांत धरली आणि माझें होईपर्यंत डोक्यावर घातली नाहीं.

परततांना बराच वेळ आम्ही कोणीच बोललों नाहीं. मग मीच म्हटलें, "बाळ, वीस वर्षांचा मुलगा परक्या मुलखांत गेला. घरचीं माणसें वाट पाहत राहिलीं. आम्हांस तुझी हीच धास्ती वाटते."

ती म्हणाली, "आजोबा, धास्ती मला समजते. पण आज तुम्हांला मला आणखी एक जागा दाखवूं द्या, मग काय तें ठरवा."

ती मला पुन्हां सांता क्रोचेजवळ घेऊन गेली. तेथें नदीकांठींच राष्ट्रीय ग्रंथालय आहे. जवळच्या एका गल्लींत भिंतीवर, माझ्या हातास पोहोंचणार नाहीं इतक्या उंचीवर, एक दगडी पट्टी बसविलेली आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं आर्नोचें पाणी तेथपर्यंत चढलें होतें. ग्रंथालयांतील दहा लाखांहून अधिक ग्रंथ, वृत्तपत्रें व कागद चिखलांत बुडाले. तेव्हां देशोदेशींचे विद्यार्थी तेथें धांवले, रांगा धरून हातोहात पुस्तकें बाहेर काढूं लागले. लोकांनीं त्यांना 'चिखलांतले देवदूत' असें नांव दिलें. ओलीं पुस्तकें वाळविण्यासाठीं तंबाखू सुकविण्याच्या भट्ट्याही वापरल्या गेल्या. ग्रंथजतनाची आजची विद्या पुष्कळ अंशीं त्या चिखलांतून वर आली. पन्नास वर्षें उलटल्यावरही त्या पुरांत भिजलेल्या ग्रंथांचें काम संपलें नव्हतें.

तें ऐकतांना माझी मान खालीं गेली, कारण मला आमचें माजघर दिसूं लागलें.

ऑगस्ट २०१९ मध्यें, ऐन श्रावणांत, ताम्रपर्णीचें पाणी आमच्या घरांत शिरलें. पणजोबांच्या हातच्या पोथ्यांचे सात रुमाल खालच्या फडताळांत होते. दोन दिवसांनीं पाणी ओसरलें तेव्हां त्यांचे चिकटलेले, वास मारणारे गठ्ठे झाले होते. जीर्ण पोथी वाहत्या पाण्यांत सोडावी असा प्रघात मला ठाऊक होता. घरांत शास्त्र जाणणारा मी. मींच सांगितलें कीं त्यांचें विसर्जन करा, आणि सहा रुमाल नदीस अर्पण झाले. सातवा सांपडला नाहीं. तो वाहून गेला असें आम्ही समजलों.

तो वाहून गेला नव्हता. सुटीवर आलेल्या या मुलीनें तो माळ्यावर नेऊन, पानें सावकाश सोडवून, जुन्या धोतरांच्या घड्यांत वाळत घातला होता. दोन वर्षांनीं तिनें तो माझ्यापुढें ठेवला, तेव्हां मी तिच्यावर रागावलों. चोरून केलें म्हणून. पुष्कळ दिवस मी तो उघडलाही नाहीं. उघडला तेव्हां अमरकोशाचीं त्रेचाळीस पानें निघालीं. वनौषधिवर्गाच्या समासांत पणजोबांनीं आमच्या रानांतील झाडांचीं गांवठी नांवें बारीक अक्षरांत लिहून ठेवलीं होतीं. उरलेल्या सहा रुमालांत काय होतें हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं.

त्या भिंतीपाशीं मीं नातीस म्हटलें, "सहा रुमाल मीं बुडविले."

ती म्हणाली, "पुरानें बुडविले, आजोबा."

हें तिचें सौजन्य. पण जन्मभर मुलांच्या चुकांखालीं तांबड्या शाईनें रेघ ओढली, मग स्वतःच्या चुकीखालीं ती ओढावयास कां कचरावें? देह अग्नीस द्यावा आणि रक्षा पाण्यास, हें खरें. पण ज्यांत पूर्वजांचें ज्ञान आहे तें पाण्यास देण्याची घाई करूं नये. त्या परक्या शहरानें आमच्या राजाचा देह आमच्या रीतीनें जाऊं दिला आणि त्याची आठवण मात्र दगडांत धरून ठेवली. कोणती गोष्ट सोडावी आणि कोणती धरावी, हा विवेक मला तेथें जाऊन शिकावा लागला.

त्याच रात्रीं घरीं दूरध्वनि केला आणि सांगितलें कीं तिला आणखी एक वर्ष राहूं द्यावें. पलीकडे बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग वहिनींनीं विचारलें, "तिकडे थंडी फार असते का? तिला माझी शाल पाठवूं का?" निकालावर सही झाली असें मीं समजलों.

शेवटीं, नातीनें मला लिहून दिलेल्या चार गोष्टी वाचकांसाठीं देतों, कारण पाऊस तोंडावर आहे. भिजलेली पोथी उन्हांत किंवा चुलीजवळ ठेवूं नये. चिकटलेलीं पानें ओढून सोडवूं नयेत. मध्यें टिपकागद किंवा स्वच्छ सुती कापड घालून, तें वरचेवर बदलून, सावलींत हलत्या वाऱ्यावर वाळवावीं. गठ्ठे फार असतील तर प्रत्येक गठ्ठा वेगळा गुंडाळून गोठणपेटींत ठेवावा, म्हणजे बुरशी थांबते आणि जाणत्या माणसास दाखविण्यास अवधि मिळतो. आणि सर्वांत प्रथम, आजच उठून, पोथ्या खालच्या फडताळांतून काढून वरच्या फडताळांत ठेवाव्या.

आमच्या घरीं एकच रुमाल उरला आहे. तो वर ठेवला आहे.