बिल निघाले नाही

'इन्कुम्प्लीर' हे स्पॅनिश क्रियापद मला आमच्या ग्रंथालयातल्या एका जाडजूड कोशात भेटले. 'कुम्प्लीर' म्हणजे पुरे करणे. दिलेला शब्द, करार, कायदा, इतकेच काय, वयाची वर्षेही तिकडे 'पुरी' करतात. आधी नकाराचा 'इन' लागला की अर्थ होतो, बांधील असलेले पुरे न करणे. म्हणजे न करणे हीसुद्धा एक क्रियाच, आणि क्रिया म्हटली की कर्ता आला!

स्पॅनिश माणसे फार कर्तव्यदक्ष होती, असे मात्र कुणी समजू नये. राजाचा हुकूम पटला नाही, तर वसाहतीतले अधिकारी म्हणत, 'ओबेदेस्को, पेरो नो कुम्प्लो'. हुकूम शिरसावंद्य आहे, पण अंमल करीत नाही. राजाला चुकीची माहिती मिळाली असेल, म्हणून कायद्यानेच ठेवलेली ही सोय. १५४२ साली राजा पाचव्या चार्ल्सने मूळ रहिवाशांना गुलाम करण्यास बंदी केली आणि त्यांच्यावरचा जमीनदारांचा वारसाहक्कही काढून घेतला. १५४४ मध्ये मेक्सिकोत या कायद्यांचा अंमल थांबला, आणि १५४५ मध्ये राजाने वारसाहक्काचे कलम स्वतःच मागे घेतले. पण निदान त्या वाक्यात 'मी' होता. मी करीत नाही, असे तो अधिकारी आपल्या तोंडाने म्हणत होता.

आमच्याकडे हा 'मी' सापडत नाही. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, अशी मुदत १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने घातली. आमचा ऊस गेला, पाडवा गेला, पेरणी तोंडावर आली. विचारायला गेलो की एकच उत्तर, "बिल निघाले नाही." जणू ते बिल कुठे झोपले होते आणि आपले आपण उठून येणार होते! कोणी काढले नाही, हे कोणी सांगेना.

त्यामुळे वडिलांचे पीककर्ज राहिले. इथे मात्र भाषेला कर्ता लगेच सापडला. सोसायटीच्या फळ्यावर खडूने यादी लागली, 'थकबाकीदार', आणि खाली वडिलांचे संपूर्ण नाव.

वडिलांना अक्षर येत नाही. फळ्यावर काय लिहिले आहे, असे त्यांनी मलाच विचारले. मी म्हणालो, "काही नाही, सभेची सूचना आहे."