छोटं नाइन एमएम: रेंजवर, कमरेला आणि घरात

जयपूरला पोस्टिंग आल्यापासून गावाकडच्या फोनांत एक प्रश्न वरचेवर येतो. पेन्शनवर गेलेले जुने साथी विचारतात, "साहेब, तुम्ही हत्यारं शिकवता. मुठीत मावेल असं छोटं नाइन एमएम घ्यायचं म्हणतोय. रेंजवर पण चालेल, घरात पण राहील. कोणतं घेऊ?" प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच काढतो.

माझं मत आधीच सांगतो. छोटं नाइन एमएम हे उत्तम हत्यार आहे, पण ते सतत सराव करणाऱ्याचं हत्यार आहे. ज्याला सराव करता येणार नाही, त्याच्या कमरेला ते ओझं आहे आणि त्याच्या घरात धोका आहे. का, ते सांगतो.

आपल्या फौजेतलं नाइन एमएम म्हणजे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं 'पिस्तूल ऑटो नाइन एमएम वन-ए'. हे ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घराण्यातलं; ती रचना १९३५ सालची. मॅगझिनमध्ये १३ राउंड, नळी १२ सेंमीच्या आसपास, वजन रिकामं ९०० ग्रॅमच्या जवळ. 'कॉम्पॅक्ट' म्हणतात ते हीच ९ बाय १९ ची गोळी टाकणारं, पण नळी आणि मूठ आखूड केलेलं पिस्तूल. नमुना म्हणून ग्लॉक १९ घ्या. १९८८ साली आलं. नळी १०२ मिमी, मॅगझिनमध्ये १५ राउंड, बॉडी पॉलिमरची आणि वजन रिकामं ६०० ग्रॅमच्या आसपास. मध्यंतरी एका प्रात्यक्षिकाच्या निमित्तानं या वर्गातलं एक पिस्तूल दोन दिवस हाताळायला मिळालं. तुलनेला आपलं वन-ए शेजारी होतंच.

पहिली परीक्षा रेंजवरची. २५ मीटरवर वन-ए सरळ जिंकलं. यात छोट्या पिस्तुलाचा दोष नाही, गणित आहे. पुढची आणि मागची साइट यांच्यातलं अंतर मोठ्या पिस्तुलात साधारण १६ सेंमी, छोट्यात १३ सेंमी धरा. सिस्त घेताना पुढची साइट एक मिलिमीटरनं हलली, तर २५ मीटरवर मोठ्या पिस्तुलाची गोळी सुमारे १५६ मिमी बाजूला जाते, छोट्याची १९२ मिमी. तीच चूक, तोच हात, पण ग्रुपिंग चार बोटं फुटलं. त्यात धक्क्याची भर. गोळी तीच, बारूद तेच, म्हणून हाताला मिळणारा धक्काही तोच. पण ९०० ग्रॅमच्या ठिकाणी ६०० ग्रॅमचं पिस्तूल असलं की ते दीडपट वेगानं मागे येतं. पहिल्या राउंडला हे जाणवत नाही. तिसऱ्या-चौथ्या राउंडला पकड सैल पडते आणि गोळ्या खाली डावीकडे जायला लागतात, कारण माणूस धक्का बसण्याआधीच मनगट दाबायला लागतो.

आता तेच गणित ७ मीटरवर करा. मोठ्या पिस्तुलाची चूक ४४ मिमी, छोट्याची ५४. फरक उरला एका सेंटिमीटरचा. पिस्तूल ज्या अंतरावर खरोखर कामाला येतं ते अंतर एवढंच असतं: खोली, जिना, गाडीचं दार. तिथे साइटची लांबी बिनमहत्त्वाची होते. होल्स्टरमधून किती वेळात बाहेर आलं, पकड पहिल्या झटक्यात नीट बसली का आणि चाप ओढताना नळी हलली का, एवढंच उरतं. म्हणून २५ मीटरचं कार्ड दाखवून कुणी छोट्या पिस्तुलाला नापास करत असेल तर मी त्याच्याशी सहमत नाही. आणि ७ मीटरवर सावकाश दहा राउंड टाकून पास करणाऱ्याशीही नाही. दम लागलेला असताना, होल्स्टरमधून काढून टाकलेले पहिले दोन राउंड कुठे गेले ते मला दाखवा. मी मार्क त्यावरच देईन.

दुसरी परीक्षा कमरेवरची. इथे छोटं पिस्तूल शंभर टक्के जिंकतं. दिवसभर गाडीत चढ-उतर करणाऱ्याला ३०० ग्रॅम म्हणजे काय, ते संध्याकाळी कंबर सांगते. जे हत्यार जड होतं, ते माणूस टेबलावर काढून ठेवतो. आणि गरज पडते तेव्हा ते टेबलावरच असतं. राजस्थानातली एक गोष्ट मात्र इथे आल्यावरच कळते. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तळहात घामानं निसटतो आणि हवेतली बारीक वाळू प्रत्येक फटीत शिरते. कोकणात, आसामात आपण गंज लागू नये म्हणून भरपूर तेल लावतो. इथे तसं केलं तर धूळ तेलात बसून लेप होतो आणि स्लाइड आळसावते. चिंधीवर थेंबभर तेल, पुसून कोरडं, आणि रोज बघणं. छोट्या पिस्तुलात सुटे भाग छोटे, स्प्रिंग ताठ, म्हणून हे जास्तच पाळावं लागतं.

तिसरी परीक्षा सवयीची, आणि जुन्या सैनिकांसाठी हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. वन-एवर हात बसलेल्या माणसाचा अंगठा आपोआप सेफ्टी शोधतो. ग्लॉकच्या जातीच्या पिस्तुलाला अंगठ्याची सेफ्टीच नसते; ती चापातच असते. म्हणजे चेंबरमध्ये राउंड असेल तर बोट चापावर गेलं की काम झालं. दुसरं, हाय-पॉवरच्या रचनेत मॅगझिन बाहेर काढलं की चाप काम करत नाही. ग्लॉकमध्ये करतो. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल खाली झालं, असं समजणाऱ्याच्या हातून चेंबरमधला राउंड सुटू शकतो. तिसरं, साफसफाईसाठी ग्लॉक उघडताना चाप ओढावाच लागतो. चेंबर डोळ्यांनी आणि बोटानं तपासल्याशिवाय जो तो ओढेल, त्याचं नशीब त्याच्याबरोबर. हत्यार वाईट नाही. पण वीस वर्षं एका हत्याराची सवय लागलेला हात दुसऱ्या हत्यारावर आणायला शेकडो वेळा कोरा चाप ओढावा लागतो आणि मग राउंड टाकावे लागतात.

फौजेला हे ठाऊक आहे. याच प्रश्नावर फौजेनं शोधलेल्या एका उत्तरात मराठी माणसाचा हात आहे, हे अभिमानानं सांगतो. महूच्या इन्फंट्री स्कूलचे लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि पुण्याच्या पाषाणमधली एआरडीई यांनी मिळून 'अस्मी' हे नाइन एमएम मशीन पिस्तूल चार महिन्यांत तयार केलं. जानेवारी २०२१ मध्ये ते जाहीर झालं. नळी ८ इंची, मॅगझिन ३३ राउंडचं, वजन दोन किलोच्या आत, चापासकट काही भाग थ्रीडी प्रिंटिंगनं केलेले. हैदराबादची लोकेश मशीन्स ते बनवते आणि २०२४ मध्ये नॉर्दर्न कमांडला ५५० नग मिळाले. ते कुणासाठी, तर रणगाड्याचा क्रू, ड्रायव्हर, डिस्पॅच रायडर, रेडिओ ऑपरेटर, म्हणजे ज्यांच्या हाताला मुख्य काम दुसरंच आहे. अशा माणसाला फौज नुसतं छोटं पिस्तूल देऊन मोकळी झाली नाही; खांद्याला लावायचा दस्ता दिला, लांब नळी दिली. कारण कमी सरावाच्या हातात छोटं पिस्तूल चालत नाही. ज्या संस्थेकडे रेंज आहे, राउंड आहेत, उस्ताद आहेत, ती असा विचार करते. मग साताऱ्यात किंवा बुलढाण्यात घरी बसलेल्या पेन्शनरानं काय विचार करावा?

त्याच्यासाठी पहिली गोष्ट कायद्याची. ९ बाय १९ हा बोअर आपल्याकडे नागरिकांसाठी प्रतिबंधित आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतो तो परवाना .३२ रिव्हॉल्व्हरचा, .३२ पिस्तुलाचा नाहीतर बारा बोअरचा. बँकेच्या दारात उभे असलेले आपले किती तरी माजी सैनिक याच बारा बोअरवर घर चालवतात. तेव्हा "नाइन एमएम मिळवून देतो" म्हणणारा कुणी भेटला तर समजा, की तो तुम्हाला पिस्तूल नाही, तुरुंग मिळवून देतोय.

हे उगाच सांगत नाही. २०१७ साली याच राजस्थानच्या एटीएसनं जम्मू-काश्मीरमधून निघणाऱ्या बोगस परवान्यांचं रॅकेट उघडकीला आणलं. पुढे तपास सीबीआयकडे गेला, आणि २०१२ ते २०१६ या काळात अपात्र लोकांना २.७८ लाखांहून जास्त परवाने दिले गेल्याचा आरोप पुढे आला. यात सैनिकांची नावं आणि खोटी कागदपत्रं वापरली गेली. आपलं नाव, आपला आर्मी नंबर हा कुणाच्या धंद्याचा माल होता कामा नये. तिकडच्या पोस्टिंगमध्ये काढलेला परवाना तुमच्याकडे असेल, तर आपल्या जिल्ह्यात त्याची नोंद आहे का, त्यावर यूआयएन आहे का, हे एकदा तपासून घ्या.

समजा .३२ रीतसर मिळालं. मग सराव कुठे? परवान्यावर राउंड मोजून मिळतात, तालुक्याच्या गावी रेंज नसते, निवडणूक लागली की अनेक ठिकाणी हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या पिस्तुलाचा मालक हा सैनिक राहत नाही. जयगडावरची जयबाण तोफ बघायला येणारे मराठी पाहुणे तिचं वजन ऐकून थक्क होतात: १७२० सालची, सुमारे ५० टनांची. उडवली किती वेळा, तर म्हणतात एकदाच, चाचणीला. तोफेला ते शोभतं. कपाटातल्या पिस्तुलाला नाही. ते एक तर मुलाच्या हाती लागतं, नाहीतर लग्नाच्या वरातीत बाहेर येतं. वरातीतल्या गोळीबाराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यानं दिलाय, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा नाही. अंधारात कोण आहे ते न बघता सुटलेली गोळी पत्रा, दार पार करून शेजारच्या खोलीत जाते. तिथे नात झोपलेली असते.

म्हणून माझा सल्ला असा. ज्याला नेमबाजीची हौस आहे, त्यानं नाइन एमएमचा नाद सोडावा. आपल्याच फौजेच्या सुभेदार विजय कुमार यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक घेतलं, कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं, दोघांच्या हातात.२२ होतं. इथल्या जगतपुरा रेंजवर तयार झालेल्या अवनी लेखरानं टोकियो आणि पॅरिस पॅरालिंपिकची सुवर्णपदकं जिंकली ती एअर रायफलवर. .१७७ चं, २० जूलच्या आतलं एअर पिस्तूल तर परवान्याशिवाय मिळतं. गावातली चार पोरं गोळा करा, दहा मीटरची भिंत शोधा, त्यांना सिस्त शिकवा. तुमचं शिक्षण कामी येईल.

आणि घरासाठी पक्की कडी, अंगणात दिवा, एक चांगला कुत्रा आणि फोनमध्ये ११२. ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे त्यानं रीतसर अर्ज करावा, .३२ घ्यावं, कुलपात ठेवावं आणि जवळच्या रायफल क्लबचं सदस्य होऊन महिन्यातून एकदा तरी फायर करावं. हे जमणार नसेल तर घेऊ नये.

सेवेत असलेल्या जवानांना मात्र उलट सांगेन. छोटं नाइन एमएम हाताशी आलं तर त्याला कमी लेखू नका. कमरेला ते सोबत राहतं, जवळच्या अंतरावर ते मोठ्याच्या बरोबरीचं आहे. फक्त ते मोठ्यापेक्षा जास्त घाम मागतं. तो द्यायची तयारी ठेवा.

जय हिंद.