दगड उकळू नका

आपल्याकडे शंका आली की उकळायचं, हा घरोघरी नियम. पाणी उकळा, दूध उकळा, बाळाची बाटली उकळा. त्यामुळे कुणाच्या तरी बंद पडलेल्या रीफ टँकमधला दगड स्वस्तात मिळाला की "आधी मस्त उकळून घे" हा सल्ला सगळ्यांना एकदम पटतो. इथे न्यू जर्सीत हा छंद करणारे दोन-तीन देशी मित्र मला हेच विचारतात, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: अजिबात नाही.

जुन्या दगडावर बऱ्याचदा झोअँथिड असतात. बटणांसारखे, रंगीत, दिसायला गोड. त्यांच्यातल्या पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. हवाईमधल्या शास्त्रज्ञांनी ते १९७१ साली वेगळं करून दाखवलं. दगड उकळला की ते वाफेतल्या बारीक थेंबांबरोबर घरभर पसरतं. मग ताप, खोकला, धाप, आणि ज्यांना माशांशी काही देणंघेणं नाही असे घरातले लोकही आजारी. नुसतं घासूनसुद्धा हे होऊ शकतं. २०१८ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये टँक साफ करताना एक अख्खं कुटुंब, वर मदतीला आलेले कर्मचारीही, हॉस्पिटलात गेले. तेव्हा असा दगड हाताळायचाच असेल तर हातमोजे आणि गॉगल हवेतच, आणि ब्रश घेऊन जोर काढायचा नाही.

आणि उकळून मिळतं तरी काय? दगड म्हणजे शोभेची वस्तू नव्हे, टँकचा फिल्टर आहे. त्याच्या छिद्रांत राहणारे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. तेच मारून टाकले की आतला मेलेला जीव कुजतो आणि अमोनिया उलट वाढतो.

म्हणून मी कोरड्या दगडाच्या बाजूने आहे. साध्या पाण्याने धुवा, मग आरओ-डीआय पाण्यात मीठ कालवून (विशिष्ट गुरुत्व १.०२५) झाकणाच्या डब्यात ठेवा. हीटर २५-२६ अंशांवर, एक पंप, आणि अंधार, म्हणजे शेवाळ नाही. थोडा अमोनिया घाला. घातलेला अमोनिया २४ तासांत संपला आणि नायट्राइटही शून्य आलं की दगड तयार. साधारण चार ते सहा आठवडे. बाटलीतल्या बॅक्टेरियाने काम लवकर होतं म्हणतात; होत असेलही, पण निकाल टेस्ट किटचा. फॉस्फेटही तपासा, काही कोरडे दगड ते महिनोन्‌महिने सोडत राहतात.

रचना करताना दगड आधी काचेवर, वाळू नंतर. नाहीतर एखादा मासा खालची वाळू उपसतो आणि डोलारा कोसळतो. कोरलसाठी सपाट कट्टे ठेवा, मध्ये मोकळी जागा ठेवा. आज अंगठ्याएवढा असलेला तुकडा उद्या शेजाऱ्याला डंख मारतो.

भारतात वाचणाऱ्यांसाठी: दगडी प्रवाळ तिकडे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. दुकानदार काहीही म्हणो, समुद्रातून तोडलेला दगड घरी आणू नका.