पीकपाहणी : विचारावे कोणाला?

सातबाऱ्यावरील पिकाची नोंद ही निव्वळ औपचारिकता नव्हे. पीककर्ज, विमा व हमीभावाची खरेदी यांना तिचाच आधार लागतो. पूर्वी ती तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली आणि ते काम शेतकऱ्याच्या मोबाईलवर गेले. चावडीत बसून होणाऱ्या पाहणीला त्यामुळे आळा बसला, हे मान्यच करावयास हवे. परंतु पारनेरसारख्या पर्जन्यछायेतील तालुक्यात बाजरीतील तुरीचे आंतरपीक, भावकीचे सामाईक गट, टेकडीआड न मिळणारी रेंज या अडचणी संगणकतज्ज्ञाला कचेरीत बसून कळणार कशा? नोंद कोठे अडते हे तलाठ्याला ठाऊक असते. शेतकरी मात्र साहेबांसमोर बैठकीत ‘सगळे ठीक आहे’ म्हणतो. त्याला बांधावर, मोबाईल त्याच्याच हाती ठेवून विचारावे लागते. याच तालुक्यातील राळेगणसिद्धीत १९७५ नंतर पाणलोटाची कामे उभी राहिली, ती तज्ज्ञांचा सल्ला व ग्रामसभेतील चर्चा यांच्या जोडीने. ई-पीक पाहणीत यापुढे फेरबदल करतानाही हीच रीत हवी, आणि विचारपूस खरीप उभा असतानाच व्हावी. काढणीनंतर छायाचित्र घ्यायलाही रानात काही उरत नाही.