पत आपली, नाव कुणाचं?

वारणाकाठच्या आपल्या गावांना कॉम्प्युटरचं अप्रूप तसं फार दिवस राहिलं नाही. १९९८ साली वारणानगरात 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या सत्तर गावांत कॉम्प्युटर बसले. ऊस किती गेला, वजन किती भरलं, बिल किती निघालं, हे गावातल्या गावात कळू लागलं. पण मैत्रिणींनो, त्या पडद्यावर नाव कुणाचं उमटायचं? सातबारा ज्याचा, त्याचं. लागणीपासून भांगलणीपर्यंत राबणाऱ्या बाईचं नाव त्यात क्वचितच.

आज ही आठवण काढायचं कारण वेगळं आहे. आता दुसऱ्याच एका कॉम्प्युटरात आपल्या प्रत्येकीची नोंद होते किंवा होत नाही, आणि ती बघून बँक आपल्याला दारात उभं करायचं की नाही ते ठरवते. बोलताना आपण तिला 'सिबिल' म्हणतो. आमच्या बचत गटातल्या एकीनं मिरची कांडप मशीनसाठी बँकेत अर्ज केला. बारा वर्षांत गटाचा एक हप्ता तिनं चुकवलेला नाही. साहेब म्हणाले, "ताई, तुमचा सिबिलच दिसत नाही." सगळ्या गल्लीला जिची पत माहीत, तिची पत मशीनला ठाऊकच नाही!

सिबिल हे खरं तर एका कंपनीचं नाव. ती २००० साली स्थापन झाली आणि २००५ मध्ये या धंद्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. आज रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका आणि फायनान्स कंपन्या आपल्या कर्जाची माहिती त्यांना कळवतात. त्यातून ३०० ते ९०० मधला एक आकडा निघतो. साडेसातशेच्या वर असला तर चांगला, असं सर्वसाधारण मानतात.

आपल्या भाषेत 'पत' आणि 'ऐपत' हे दोन वेगळे शब्द आहेत ते किती बरं आहे! हा आकडा ऐपत मोजत नाही. तुमच्याकडे किती तोळे आहेत, ठेव किती, पगार किती, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तो एवढंच बघतो की घेतलेलं वेळेवर फेडलं का, कार्डाची मर्यादा किती नि त्यातलं वापरलं किती, व्यवहार किती जुना आहे आणि अलीकडे कर्जासाठी किती दारं ठोठावली. म्हणजे पन्नास तोळ्यांची मालकीण इथं कोरी राहू शकते आणि दहा हजारांचं कर्ज नेमानं फेडणारी शिवणकाम करणारी बाई तिच्या पुढे जाऊ शकते.

मग आपण कोऱ्या का? कारण आपला सगळा व्यवहार या कॉम्प्युटरच्या नजरेआड चालतो. भिशी त्यात येत नाही. बहुतेक पतसंस्थांचे हप्तेही तिथवर पोहोचत नाहीत. आणि सगळ्यात चीड येणारी गोष्ट सोनेतारणाची. दागिने बाईचे, बँकेत घेऊन जातो नवरा, कर्ज त्याच्या नावावर, फेडताना काटकसर दोघांची आणि पत वाढते एकट्याची! तेच कर्ज स्वतःच्या नावावर घ्या म्हटलं तर घरात भुवया उंचावतात. उंचावू देत. पाटल्या तुमच्या आहेत, सही तुमची का नको?

बचत गटाचंही असंच होतं. कर्ज गटाच्या नावे, त्यामुळे एकेक सभासद अदृश्य. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१६ मध्ये बँकांना सांगितलं की गटातल्या सभासदांची माहितीही टप्प्याटप्प्यानं कळवा. पण बँकेला ती मिळणार गटाकडूनच. तेव्हा अध्यक्ष-सचिवांनो, कुणी किती उचललं, किती फेडलं, हा हिशेब सभासदवार लिहा आणि बँकेत द्या. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात बचत गटांच्या बायका आणि ग्रामीण लोकांसाठी 'ग्रामीण क्रेडिट स्कोअर'ची घोषणा झाली आहे. तिचा उपयोगही कागद नीट असतील तरच.

एक लक्षात ठेवा, कोरं असणं म्हणजे वाईट असणं नव्हे. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला नुसता जुना इतिहास नाही म्हणून परत पाठवू नका, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे, आणि अर्थ राज्यमंत्र्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेतही ते स्पष्ट केलं. अमुक इतका स्कोअर हवाच, असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. बँक आपापलं ठरवते. साहेबांना हे नम्रपणे विचारायला हरकत नाही.

खरी भीती उलट बाजूची आहे. चांगलं वागलेलं दिसत नाही, पण बिघडलेलं लगेच दिसतं. मायक्रो फायनान्सवाले दारात येतात, कर्ज बाईच्याच नावावर देतात आणि त्याची नोंद नेमानं पाठवतात. २०१९ च्या महापुरानंतर आपल्या जिल्ह्यात ही कर्जं माफ करा म्हणून बायकांनी मोर्चे काढले. त्यांचं दुखणं खरं होतं. घरात पाणी, हाताला काम नाही, हप्ता आणायचा कुठून? पण मागणी झाली म्हणजे माफी झाली असं होत नाही. थांबलेला हप्ता नोंदीत थकीतच दिसतो. तडजोडीत थोडं भरून मिटवलं तरी 'सेटल्ड' असा शेरा राहतो, आणि पुढची बँक तो वाचते. शिवाय यातलं कितीतरी कर्ज बाईनं स्वतःसाठी घेतलेलंच नसतं. दिराच्या टेम्पोला, भावाच्या दुकानाला, "वहिनी, नुसतं तुमचं नाव द्या, हप्ता मी भरतो" म्हणून काढलेलं असतं. नाव 'नुसतं' नसतं हो. २०२२ पासून नियम आहे की, असं कर्ज धरून घरावरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. आपणच तो हिशेब आधी करावा.

नीती आयोगाच्या मार्च २०२५ च्या अहवालाप्रमाणे डिसेंबर २०२४ मध्ये २ कोटी ७० लाख बायका आपला अहवाल स्वतः बघत होत्या, वर्षात ४२ टक्क्यांनी जास्त. तरी बघणाऱ्या शंभरांत बायका साधारण १९ च. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा नियम २०१७ पासून आहे. त्यात न घेतलेलं कर्ज दिसलं किंवा फेडलेलं बाकी दिसलं तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निपटारा झाला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल आहेत, फोन १४४४८. पैसे घेऊन 'सिबिल सुधारून देतो' म्हणणाऱ्याला मात्र चहासुद्धा पाजू नका. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही.

अहवाल काढताना सहसा पॅन कार्ड लागतं आणि मोबाईलवर ओटीपी येतो. इथंच अडतं, कारण बँकेत आपण नंबर दिलेला असतो मालकांचा नाहीतर पोराचा. येत्या आठवड्यात बाजाराला गेलात की वाटेत बँकेत डोकवा आणि पासबुकावर स्वतःचा नंबर घालून घ्या.