संसारी माणसाची सवड

कोल्हापुरांत बसून व्यायामाचें महत्त्व सांगूं लागणें हें उसाच्या फडांत जाऊन गुळाची गोडी वर्णन करण्यासारखें आहे, असें आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस वाटेल. ज्या गांवांत पेठेपेठेस तालीम आहे, ज्या गांवच्या शाहू छत्रपतींनीं १९०२ सालच्या विलायतेच्या प्रवासांत रोमचें प्राचीन क्रीडागार पाहून पुढें १९१२ सालीं खासबागेचें कुस्तीचें मैदान उभें केलें, ज्या गांवच्या राजाराम कॉलेजांत शिकलेल्या खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें स्वतंत्र भारतास पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिलें, आणि ज्या गांवच्या तालमींत घडलेल्या श्रीपति खंचनाळे यांनीं १९५९ सालीं पहिला हिंदकेसरी होण्याचा मान मिळविला, त्या गांवास शरीरबळाचा उपदेश करणारे आम्ही कोण?

प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच गांवांत सकाळीं साडेदहाच्या सुमारास कोणत्याहि मोठ्या कचेरीच्या जिन्यापाशीं दहा मिनिटें उभें राहून पाहावें. चाळिशी उलटलेले, सदऱ्याच्या गुंड्यांवर ताण पडलेले आमचे बंधु दुसऱ्या मजल्यावर जाण्यासाठीं लिफ्टची वाट पाहत उभे असतात, आणि उभ्या उभ्या बोलतात तें गेल्या मैदानांत कोणी कोणास घिस्सा मारून चीत केलें याविषयीं! शड्डू दुसऱ्यानें ठोकावा आणि छाती आमची फुगावी, असा हा व्यवहार आहे. तालमींचीं नांवें आम्हीं जपलीं. त्यांपैकीं कित्येक नांवांचे फुटबॉलचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि सारी पेठ त्यांच्यासाठीं घसा कोरडा करते. घशास तेवढा व्यायाम होतो.

हा विषय आज काढण्याचें निमित्त आमच्या एका विद्वान् स्नेह्यांनीं पुरविलें. एका घरगुती बैठकींत ते म्हणाले, "व्यायाम हा ब्रह्मचर्याश्रमाचा धर्म. गृहस्थाश्रमांत शिरलेल्या माणसास मुलांचीं शिक्षणें, आईबापांचीं दुखणीं, घराचे हप्ते यांतून स्वतःच्या देहाकडे पाहावयास सवड उरत नाहीं. आणि उरूंहि नये. मुलांसाठीं देह झिजविणें हीच त्याची तपश्चर्या." बैठकींतल्या सर्व माना डोलल्या. पांच वर्षांपूर्वीं आमचीहि मान डोलली असती, म्हणूनच या मताचा समाचार घेणें आम्हांस आवश्यक वाटतें. शिवाय देह झिजतो हें वर्णनच मुळीं चुकीचें आहे. चंदन झिजतें, आम्ही नुसते बसल्या जागीं फुगतों, आणि त्या फुगण्यास झिजणें असें नांव देऊन मुलांच्या नांवावर मांडतों.

आमची स्वतःची हकीकत थोडक्यांत सांगणें भाग आहे. कॉलेजांत असतांना आम्ही बऱ्यापैकीं पोहत असूं, जोरबैठकाहि काढीत असूं. नोकरी लागली, विवाह झाला, मुलें झालीं, आणि त्यानंतरचीं वीस वर्षें आमच्या शरीरानें खुर्चीवर, फळ्यापुढें आणि स्कूटरवर काढलीं. पांच वर्षांपूर्वीं चैत्रांत मुलाच्या हट्टानें जोतिबाचा डोंगर पायवाटेनें चढावयास निघालों. निम्म्या वाटेवर दम असा लागला कीं, बोलवेना. चौदा वर्षांचा मुलगा कांहीं न बोलतां आमच्या हातांतली पिशवी घेऊन पुढें चालूं लागला आणि वळणावळणावर थांबून, आपणच दमलों आहों असें दाखवूं लागला. त्या पोराच्या सभ्यपणानें आम्हांस जितकें लाजविलें तितकें कोणत्याहि वैद्याच्या ताशेऱ्यानें लाजविलें नसतें. ज्याच्यासाठीं देह झिजवीत आहों अशी आमची समजूत होती, त्यास आमच्या देहाचें ओझें होऊं लागलें होतें. पुढें आठ दिवसांत रक्त तपासलें. साखर अपेक्षेप्रमाणें वाढलेली निघाली.

आणि मग काय चमत्कार झाला पाहा! वीस वर्षें जी सवड शोधूनहि सांपडत नव्हती, ती डॉक्टरांच्या एका चिठ्ठीनें दुसऱ्या दिवशीं सकाळीं सहा वाजतां हजर झाली. ती कोठून आली याची चौकशी आम्हीं त्या वेळीं केली नाहीं. तो प्रश्न पुढें येईल.

आधीं दुसऱ्या एका सबबीचा निकाल लावूं. "आतां पन्नाशींत काय होणार? जें गेलें तें गेलें," असें म्हणणारे पुष्कळ. या म्हणण्यास वैराग्याचा वास येतो म्हणून तें खरें वाटतें. वस्तुतः तें खोटें आहे. अमेरिकेंत डॅलस येथें १९६६ सालीं विशीतल्या पांच निरोगी तरुणांस तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास लाविलें आणि त्यांच्या शरीराची प्राणवायु वापरण्याची शक्ति किती खालावते तें मोजलें. तीस वर्षांनीं त्याच पांच जणांची पुन्हां तपासणी झाली. त्यांचीं वजनें वाढलीं होतीं, अंगांतील चरबीचें प्रमाण सुमारें दुप्पट झालें होतें. तथापि तीस वर्षांच्या वयानें जितकी हानि केली होती, तिच्याहून त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्यानें केलेली हानि अधिक भरली! मग या पन्नाशीच्या गृहस्थांकडून सहा महिने क्रमाक्रमानें चालणें, धांवणें व सायकल मारणें असा व्यायाम करविला, तेव्हां ती शक्ति त्यांच्या विशीतल्या मूळ मापास पुन्हां पोंचली. वजन मात्र वाढल्यापैकीं थोडेंच उतरलें. हा शेवटचा तपशील आम्हांस फार मोलाचा वाटतो. कारण आमच्यांतील बहुतेक लोक महिनाभर चालून वजनाच्या कांट्यावर उभे राहतात, कांटा हलला नाहीं असें पाहतात, आणि घरीं बसतात. आंत हृदय सुधारत असतें, पण त्याचा कांटा पायाखालीं नसतो.

पन्नाशीचें राहूं द्या. बोस्टन येथील एका वृद्धाश्रमांतील नव्वदीच्या घरांतल्या दुर्बळ स्त्रीपुरुषांस आठ आठवडे पायांनीं वजन उचलण्याचा व्यायाम दिला असतां त्यांच्या पायांचें बळ सरासरीनें अडीच पटींहून अधिक झालें, हें १९९० सालीं प्रसिद्ध झालें आहे. आतां नव्वदीच्या म्हाताऱ्यांचे स्नायु सांगितलेलें ऐकतात आणि पंचेचाळिशीच्या हेडक्लार्काचे ऐकत नाहींत, असें मानावयाचें कीं काय?

परदेशचे दाखले ज्यांस रुचत नाहींत त्यांनीं औंधास जावें. तेथील अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आधीं कांहीं वर्षें सँडोच्या पद्धतीचा व्यायाम केला, आणि १९०८ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या चाळिशींत, ते नियमानें सूर्यनमस्कार घालूं लागले. पुढें त्यांनीं नमस्कारांवर पुस्तकें लिहिलीं, संस्थानच्या शाळांतून ते सुरू केले. १९३८ सालीं त्यांच्या पुस्तकाची एक आवृत्ति लंडनमध्यें निघाली. संसार, संस्थान, चित्रकला आणि कीर्तनें सांभाळून ज्यांनीं हें केलें, ते १९५१ पर्यंत जगले. "त्यांच्या घरीं आचारी होते," असा आक्षेप येथें एखादी वाचक भगिनी घेईल. तो आम्हांस मान्य आहे, आणि त्याकडेच आम्हांस यावयाचें आहे. तूर्त एवढेंच म्हणतों कीं, नमस्कारास सतरंजीएवढी जागा पुरते. तिला मैदान लागत नाहीं, यंत्र लागत नाहीं, आणि गळ्यांत पट्टा अडकवून नव्वद दिवसांत कायापालट करण्याचें वचन देणारा गुरुहि लागत नाहीं. या नव्वद दिवसांच्या जाहिराती सध्यां आमच्या गांवच्या भिंतींवर पुष्कळ दिसतात. वीस वर्षांत सांचलेलें एका ऋतूंत उतरविण्याची घाई करणारा गृहस्थ पंधराव्या दिवशीं कंबर धरून बसतो, आणि व्यायाम आपणांस "सोसत नाहीं" असा सिद्धांत मांडतो.

वास्तविक मागणी फार थोडी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढ माणसासाठीं आठवड्यास किमान १५० मिनिटें मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंस ताण देणारा व्यायाम असें माप सांगितलें. त्यापूर्वीं एका वेळीं निदान दहा मिनिटें सलग असावींत अशी अट होती. तीहि त्या वेळीं काढून टाकिली. जिना चढलांत तरी तो हिशेबांत धरतात. आठवड्याचीं मिनिटें १०,०८० होतात. त्यांतलीं १५० म्हणजे शेंकडा दीड. लंडनच्या बसगाड्यांवरील नोकरांची १९५३ सालीं प्रसिद्ध झालेली पाहणी प्रख्यात आहे: दिवसभर बसून गाडी हांकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षां दुमजली गाडीचा जिना सारखा चढउतार करणाऱ्या कंडक्टरांस हृदयविकार कमी आढळला. कंडक्टर कोणत्या तालमींत जात होते? याच्या उलट आमच्याकडील माजी पहिलवान पाहावा. कुस्ती सुटते, खुराक सुटत नाहीं. चाळिशींत त्याच्या अंगावर तालमीची खूण म्हणून चेपलेला कान तेवढा शिल्लक राहतो. तारुण्यांतला व्यायाम बँकेंत ठेवतां येत नाहीं, हें त्याच्याकडे पाहून जितकें पटतें तितकें कोणत्याहि ग्रंथानें पटणार नाहीं.

आतां त्या सहा वाजतांच्या सवडीकडे येऊं. आम्ही रंकाळ्यावर चालूं लागलों. तेथें आमच्यासारखेच साखर वाढलेले सज्जन भेटले; फेऱ्या मारून झाल्यावर मंडळी रविवारीं मिसळ खाण्यास बसत, आणि जळालेल्याच्या दुप्पट कट पोटांत रिचवीत. तें असो. सहा महिन्यांत दम सुधारला, साखर उतरली, आणि आम्ही जिकडे तिकडे निश्चयाचें माहात्म्य सांगत सुटलों. अशांत एके दिवशीं आमच्या मंडळींस ताप आला. त्यांची शाळेंत शिक्षिकेची नोकरी आहे. त्या दिवशीं सहा ते साडेसात हा काळ आम्हीं प्रथमच स्वतःच्या घरांत पाहिला. पाणी भरणें, दूध तापविणें, मातुःश्रींचें औषध, दोन मुलांचे डबे, आमचा डबा, इस्त्रीचे कपडे, आणि त्यांत "माझी वही कोठें आहे?" हा तीन वेळां आलेला प्रश्न! आमची सवड आमच्या निश्चयांतून निघाली नव्हती. ती दुसऱ्याच्या तासांतून कापून आणिलेली होती, आणि ज्याच्या तासांतून ती कापली त्यास आम्हीं विचारलेंहि नव्हतें.

हें एका घरचें गाऱ्हाणें नव्हे. २०२२ सालच्या स्थितीविषयीं जो जागतिक अंदाज १९२४ नव्हे, तर अगदीं अलीकडे २०२४ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत भारतांतील निम्मे प्रौढ लोक पुरेशी हालचाल करीत नाहींत असें दिसतें; पुरुषांत हें प्रमाण शेंकडा ४२, स्त्रियांत ५७. "बायकांस घरकाम हाच व्यायाम" असें म्हणणाऱ्या पुरुषांनीं हें नीट वाचावें. या मोजणींत घरकाम, नोकरींतले श्रम आणि जाण्यायेण्याची पायपीट हीं सर्व धरलेलीं आहेत. तीं धरूनहि स्त्रियांचा आंकडा वर आहे. शेगडीपुढें दीड तास उभें राहिल्यानें पाय सुजतात, पण हृदय बळकट होत नाहीं. आमच्या मंडळी लग्नापूर्वीं खोखो खेळत असत, हें आम्हांस त्यांच्या तापाच्या दिवशीं त्यांच्या बहिणीकडून कळलें. बावीस वर्षांत आम्हीं तें कधीं विचारलें नव्हतें.

आमच्या स्नेह्यांचें तपश्चर्येचें तत्त्वज्ञान येथें पुरतें उघडें पडतें. देहाकडे दुर्लक्ष करणाऱ्या पुरुषास त्यागी म्हणावयाचें. दुखणें आल्यावर देहाकडे लक्ष देणाऱ्या पुरुषास निश्चयी म्हणावयाचें. आणि दोन्ही प्रसंगीं डबा भरणाऱ्या बाईचें नांवहि घ्यावयाचें नाहीं! ज्या घरांत बापाच्या चालण्यासाठीं आईचें बसणें पक्कें होतें, त्या घराची प्रकृति सुधारली असें आम्ही म्हणणार नाहीं.

तेव्हांपासून आमच्या घरीं वार वांटून घेतले आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार आमचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, रविवार मंडळींचे. चार त्यांचे कां, असें मुलानें विचारलें, तेव्हां मागील बाकी फेडावयाची आहे असें त्यास सांगितलें. त्या विद्यापीठाच्या आवारांत चालावयास जातात. पहिल्या महिन्यांत गुडघे दुखत, आतां मधून मधून धांवतातहि. आमच्या वारीं आम्ही चालतों. त्यांच्या वारीं आम्ही घरींच सतरंजीवर नमस्कार घालून स्वयंपाकघरांत शिरतों. भाकरी अद्यापि थापतां येत नाहीं, पोळ्यांचे नकाशे होतात, आणि मुलगी त्यांवरून भूगोलाचे प्रश्न विचारते.

हा लेख लिहीत असतांनाच त्या विद्वान् स्नेह्यांचा निरोप आला. त्यांचीहि साखर वाढली आहे, तपश्चर्या तूर्त तहकूब आहे, आणि येत्या रविवारीं सकाळीं सहास रंकाळ्यावर यावें, पुढें मिसळहि आहे, असें त्यांचें निमंत्रण आहे. रविवार आमचा नाहीं, बुधवारीं येतों, आणि त्या वेळीं तुमच्या घरीं डबे कोण भरतें तें विचारून या, असें उत्तर आम्हीं पाठविलें आहे.