विश्लेषण : चित्ते देणाऱ्या नामिबियाकडून भारताने काय घेतले नाही?

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात आले. तेव्हापासून चित्त्यांची नावे, बछड्यांचे जन्म आणि मृत्यू यांच्या बातम्या सतत येत आहेत. मात्र नामिबियात बहुतेक चित्ते राष्ट्रीय उद्यानांत नव्हे, तर शेतजमिनींवर आणि गुरे चरणाऱ्या माळांवर राहतात, याची चर्चा फारशी झाली नाही. त्या देशाचे खरे वेगळेपण तेथेच आहे.

आधी काय स्थिती होती?

नामिबियावर १९९० पर्यंत दक्षिण आफ्रिकेची राजवट होती. गोऱ्या शेतमालकांना आपल्या जमिनीवरील वन्यजीवांपासून उत्पन्न मिळवण्याचा हक्क होता. सामायिक जमिनींवर राहणाऱ्या कृष्णवर्णीयांसाठी मात्र तेच प्राणी सरकारी मालमत्ता होते. हत्तीने पीक तुडवले तर नुकसान गावाचे. गावकऱ्याने हरीण मारले तर गुन्हा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळ आणि चोरट्या शिकारीमुळे वायव्य भागातील हत्ती आणि काळे गेंडे झपाट्याने घटले. त्या वेळी संवर्धक गार्थ ओवेन-स्मिथ यांच्या प्रयत्नांतून स्थानिक प्रमुखांनी गावातलीच माणसे वन्यजीवांचे राखणदार म्हणून नेमली. शिकार हळूहळू आटोक्यात आली.

१९९६ च्या कायद्याने काय बदलले?

हाच अनुभव स्वतंत्र नामिबियाच्या १९९६ च्या कायद्यात उतरला. गावकऱ्यांनी हद्द ठरवावी, सदस्यांची नोंद करावी, समिती निवडावी आणि ‘कॉन्झर्व्हन्सी’ स्थापन करावी. मग तेथील पर्यटन आणि मर्यादित शिकारीचे उत्पन्न त्यांचे. पहिल्या चार कॉन्झर्व्हन्सी १९९८ मध्ये नोंदल्या गेल्या. आज त्यांची संख्या ८० हून अधिक असून देशाची सुमारे एक पंचमांश जमीन त्यांच्याकडे आहे. येथून कोणालाही उठवले जात नाही. गुरे, शेती आणि वन्यजीव एकाच भूभागावर राहतात. १९९५ च्या सुमारास साडेसात हजार असलेले हत्ती पुढे २० हजारांच्या वर गेले. त्यात शेजारी देशांतून ये-जा करणाऱ्या कळपांचाही वाटा आहे, पण गावांनी त्यांना जागा दिली हे महत्त्वाचे.

मग आक्षेप कशाला?

सर्वात मोठा आक्षेप ट्रॉफी हंटिंगला, म्हणजे परदेशी शिकाऱ्यांनी पैसे मोजून केलेल्या शिकारीला आहे. अशा ट्रॉफींच्या आयातीवर बंदी घालणारे विधेयक ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाने मार्च २०२३ मध्ये मंजूर केले. लॉर्ड्समध्ये ते रखडले. ऑगस्ट २०२४ मध्ये भीषण दुष्काळात नामिबियाने ८३ हत्तींसह ७२३ प्राणी मारून मांस लोकांना वाटण्याचा निर्णय घेतला, तेव्हाही जगभर टीका झाली. मौजेसाठी हत्ती मारणे अनेकांना पटणार नाही आणि ती अस्वस्थता रास्त आहे. पण लंडनमध्ये बसून बंदी मागणाऱ्याचे पीक हत्ती तुडवत नाही. शिकारीचे उत्पन्न बंद करायचे तर राखणदाराचा पगार कोण देणार, याचेही उत्तर द्यावे लागते. करोनाकाळात पर्यटन आटले, तेव्हा हा प्रश्न किती खरा आहे हे दिसले.

ही व्यवस्था निर्दोष आहे का?

अजिबात नाही. सर्व कॉन्झर्व्हन्सींना सारखे उत्पन्न मिळत नाही. पर्यटकांच्या वाटेवर नसलेल्या गावांच्या हाती थोडेच लागते. हिशेबावरून समित्यांत वाद होतात. सिंहाने मारलेल्या गुरांची भरपाई तुटपुंजी असते. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. २०२२ मध्ये देशात ८७ गेंड्यांची चोरटी शिकार झाली आणि त्यांतील बरेच गेंडे एटोशा या नावाजलेल्या राष्ट्रीय उद्यानात मारले गेले. केवळ सरकारी पहारा पुरत नाही.

भारतासाठी धडा कोणता?

शिकारीचा नक्कीच नाही. जेमतेम ३० लाख लोकसंख्येच्या देशाचे प्रारूप भारतात जसेच्या तसे उतरणारही नाही. पण ज्याला वन्यजीवांची झळ बसते, त्याला हक्क आणि उत्पन्नात वाटा मिळावा, हे तत्त्व कोठेही लागू पडते. कुनोत नेमके उलटे घडले. सिंह आणण्याच्या योजनेसाठी तेथून २४ गावे हलवण्यात आली. त्यांत सहरिया आदिवासी मोठ्या संख्येने होते. सिंह आलेच नाहीत. रिकाम्या झालेल्या त्या जमिनीवर चित्ते आले, तेही माणसांच्या शेजारी राहण्याची परंपरा असलेल्या देशातून. आता चित्ते उद्यानाची हद्द ओलांडून शेतांत, गावांत जातात. त्यांचे भवितव्य कुंपणापेक्षा त्या गावकऱ्यांच्या मनावर अधिक अवलंबून आहे. भारताने नामिबियातून चित्ते आणले. गावकऱ्यांना भागीदार करण्याची रीत आणणे अजून बाकी आहे.